कंडेन्सरच्या ट्यूब बदलल्या की मेगावॅट वाढतात का?

प्रश्न थोडक्यात असा: २१० मेगावॅटचा जुना औष्णिक वीजसंच, कंडेन्सरमध्ये, म्हणजे टर्बाइनमधून आलेल्या वाफेचं थंड पाण्याने पुन्हा पाणी करणाऱ्या भांड्यात, पंधरा हजारांच्या घरात पितळी ट्यूब. ऐन उन्हाळ्यात पूर्ण भारावर कंडेन्सरमधला दाब पाऱ्याच्या ७६ मिलिमीटरऐवजी १०२ मिलिमीटर दिसतो. पुरवठादार म्हणतो, जुन्या ट्यूब काढून स्टेनलेस स्टीलच्या टाका, पाच-सहा मेगावॅट परत मिळतील. हे खरं मानायचं का, आणि ३५ दिवसांच्या ओव्हरहॉलमध्ये हे काम बसतं का?

आकडा खोटा नाही, पण तो सगळा पुरवठादाराच्या खात्यात जमा होणार नाही. मी आधी टर्बाइन मेंटेनन्स आणि नंतर एफिशियन्सी सेल मिळून तीस वर्षं काढली. त्यात एवढं नक्की कळलं की कंडेन्सर हा इतरांच्या पापांचा धनी असतो. कूलिंग टॉवर बिघडला, पंप दमला, कुठून हवा शिरली, सगळं शेवटी त्याच्याच गेजवर दिसतं आणि मग सगळे त्याच्याच ट्यूब मोजायला धावतात.

आधी पाच-सहा मेगावॅट येतात कुठून ते पाहू. त्या दाबाला एक किलो वाफ चौदा-पंधरा घनमीटर जागा व्यापते आणि तिचं पाणी झालं की जेमतेम लिटरभर. हे आकुंचन जितकं चांगलं, तितकी टर्बाइनच्या शेवटच्या पात्यांपर्यंत वाफ पसरत जाते आणि जास्त काम करते. तुमच्या आकाराच्या संचासाठी ढोबळ आडाखा असा की कंडेन्सरचा दाब १० मिलिमीटर वाढला की टर्बाइनचा हीट रेट (एक युनिट विजेला लागणारी उष्णता) साधारण एक टक्क्याने बिघडतो. म्हणजे तेवढ्याच वाफेवर दोन मेगावॅट कमी. तुमचा फरक २६ मिलिमीटरचा, तेव्हा पाच मेगावॅटच्या आसपास नुकसान आहेच.

पण मेगावॅट म्हणताना एक खुलासा हवा. तुमच्या बॉयलरला अंगात जोर शिल्लक असेल, कोळसा दळणाऱ्या मिल आणि बॉयलरचा धूर ओढणारा आयडी फॅन साथ देत असतील, तर व्हॅक्यूम पडूनही, म्हणजे कंडेन्सरमधला दाब वाढूनही, ऑपरेटर २१० काढतोच, थोडी वाफ जास्त घेऊन. तिथे नुकसान मेगावॅटमध्ये दिसत नाही, कोळशात दिसतं. किलोला ३५०० किलोकॅलरीचा कोळसा आणि विजेच्या युनिटमागे २५०० किलोकॅलरीचा हीट रेट धरला तर पूर्ण भारावर ताशी दीडशे टन लागतो. त्याचा एक टक्का म्हणजे दिवसाला ३६ टन. मे महिन्यात आयडी फॅन आधीच धापा टाकत असेल तेव्हा मात्र तेच नुकसान मेगावॅट होऊन समोर येतं. आणि ग्रिडच्या सांगण्यावरून दिवसाचे कितीतरी तास ५५ टक्क्यांवर बसत असाल, तर त्या तासांत कंडेन्सर तसाही अंगाला सैल होतो आणि नव्या ट्यूबचा फायदा तिथे नगण्य. प्रस्तावात वर्षाचे ८७६० तास पूर्ण भार धरून परतफेड काढलेली असते. ते पान आधी फाडा.

आता १०२ ची फोड करू. कंडेन्सरमधल्या वाफेचं तापमान तीन गोष्टींची बेरीज असतं: आत येणारं थंड पाणी किती अंशांवर आहे, ते कंडेन्सरमधून जाताना किती तापतं, आणि बाहेर पडणारं पाणी नि वाफ यांत शेवटी किती अंतर उरतं. या शेवटच्या अंतराला आपण टीटीडी म्हणतो. तुमच्या डिझाइनचे आकडे असे असतील: ३३ अधिक ९ अधिक ४, म्हणजे ४६ अंश. ४६ अंशांना संपृक्त वाफेचा दाब ७६ मिलिमीटर. तुम्ही पाठवलेली रीडिंग आहेत ३४.५, १०.५ आणि ७. बेरीज ५२, आणि ५२ अंशांना १०२ मिलिमीटर. म्हणजे गेज खोटं बोलत नाहीये, ही पहिली चांगली बातमी.

गेजचं मुद्दाम सांगतो, कारण यात भलेभले फसतात. जुन्या पद्धतीचं व्हॅक्यूम गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतं. गेजवर ६६० मिलिमीटर दिसले तर ट्रॉम्बेला समुद्रसपाटीवर कंडेन्सरमधला दाब १०० मिलिमीटर आहे, आणि नाशिकजवळ एकलहऱ्याला, जिथे हवेचाच दाब ७१० च्या आसपास, तिथे ५०. एक गेज, एक आकडा, आणि अर्थ दुप्पट वेगळा. निरपेक्ष दाबाचा ट्रान्समीटर नसेल तर दुसरं काही विकत घेण्याआधी तो घ्या. नंतरची हमी चाचणीही त्याच्याच भरवशावर होणार आहे.

सहा अंशांच्या फरकात दीड अंश येणाऱ्या पाण्याचा, दीड अंश तापण्याचा आणि तीन अंश टीटीडीचा. या टापूत एक अंश म्हणजे सुमारे चार मिलिमीटर, त्यामुळे २६ पैकी साडेसहा मिलिमीटर कूलिंग टॉवरचे, साडेसहा पाण्याच्या प्रवाहाचे आणि उरलेले १३ कंडेन्सरच्या दारात. सोन्याच्या ट्यूब टाकल्या तरी पहिले साडेसहा हलणार नाहीत. पुरवठादाराचे पाच-सहा मेगावॅट इथेच जवळजवळ निम्मे झाले.

टॉवरचं काम कंटाळवाणं असतं म्हणून कुणी करत नाही. तुटलेले स्प्रे नोझल, गाळाने बसलेलं फिल (टॉवरमध्ये पाणी पसरवणारी भरण), एका सेलमध्ये पाणी धो धो आणि शेजारचा कोरडा. एक माणूस बॅटरी घेऊन डेकवर चढला तर निम्मं निदान तासाभरात होतं. दीड अंश तिथून परत मिळवायला ट्यूबच्या खर्चाचा किरकोळ हिस्सा लागतो.

प्रवाहाचा हिशेबही सोपा. तेवढीच उष्णता घेऊन पाणी ९ ऐवजी १०.५ अंश तापतंय, म्हणजे प्रवाह साधारण ८५ टक्के. ताशी २७ हजार घनमीटरऐवजी २३ हजार. पंपाचे इम्पेलर झिजलेत का, बटरफ्लाय व्हॉल्व्ह खरंच पूर्ण उघडतो का, वॉटरबॉक्सच्या (ट्यूबच्या टोकांपाशी पाणी घेणाऱ्या पेटीच्या) माथ्याला हवा अडकून वरच्या रांगा कोरड्या राहतात का, ट्यूबशीटवर (ट्यूबची टोकं धरणाऱ्या जाड पत्र्यावर) फिलचे तुकडे आणि शंख-शिंपले चिकटलेत का, ते बघा. आणि हो, प्लग केलेल्या, म्हणजे बूच मारून बंद केलेल्या, ट्यूबही मोजा. हजारभर ट्यूब बंद असतील तर प्रवाह नि क्षेत्रफळ दोन्ही गेलं.

आता टीटीडीचे तीन अंश. इथे दोन संशयित असतात, हवा आणि मळ, आणि दोघांचे ठसे वेगळे. मळामुळे वाढलेला टीटीडी भार कमी केला की त्याच प्रमाणात उतरतो. हवेमुळे वाढलेला उतरत नाही, कधी उलट चढतो, कारण कमी भारावर लो प्रेशर (एलपी) हीटरच्या आणखी काही लाइन वातावरणाच्या दाबाखाली जातात आणि हवा शिरायला नवी भोकं मिळतात. दुसरी खूण: राखीव व्हॅक्यूम पंप सुरू करा. व्हॅक्यूम चटकन सुधारला तर एकतर हवा जास्त शिरतेय किंवा पहिला पंप दमलाय. तिसरी खूण केमिस्टकडे असते, हॉटवेलच्या (कंडेन्सरच्या तळाशी वाफेचं पाणी साठतं त्या जागेच्या) पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन.

पंप दमण्याचा एक अनुभव सांगतो. एका संचावर दुपारी व्हॅक्यूम पडायचा आणि पहाटे सुधारायचा. सगळे टॉवरच्या नावाने बोटं मोडायचे. ट्यूब बदलण्याचा प्रस्ताव वर जाऊन मंजुरीच्या टेबलावर पोचलाही होता. एका दुपारी मी सहज व्हॅक्यूम पंपाच्या सील वॉटरच्या पाइपला हात लावला आणि झटकन मागे घेतला. थर्मामीटरने पाहिलं तर ४८ अंश. आता ४८ अंशांच्या पाण्याचा स्वतःचाच बाष्पदाब ८४ मिलिमीटर. पंपात हवा ओढणारी पाण्याची जी रिंग फिरते, तिच्यातलं पाणीच उकळत असेल तर पंप त्याच्या खालचा दाब ओढणार कसा? सील वॉटरचा जेमतेम माणसाएवढा कूलर क्षारांनी गच्च भरला होता. एका पाळीत साफ केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आठ-नऊ मिलिमीटर परत. प्रस्ताव परत घ्यावा लागला, त्याचं साहेबांना थोडं वाईटच वाटलं.

हवेची गळती शोधायला हेलियम आणि मास स्पेक्ट्रोमीटर सर्वांत भरवशाचं. चालू संचावर एकेक जागी हेलियम फवारायचा आणि व्हॅक्यूम पंपाच्या एक्झॉस्टला तो किती वेळात नि किती येतो ते पाहायचं. एलपी टर्बाइनची ग्लँड (शाफ्टभोवतीचं सील), टर्बाइनवरचे सुरक्षा डायफ्रॅम, व्हॅक्यूम ब्रेकरचं वॉटर सील, कंडेन्सेट पंपाची ग्लँड, एक्सपान्शन जॉइंट, लेव्हल गेजचे किरकोळ कॉक. मोठी गळती बहुधा अशाच क्षुल्लक जागी सापडते. संच बंद असताना वाफेच्या बाजूने डीएम (क्षार काढलेलं) पाणी भरून गळती शोधण्याची फिल टेस्ट कराल तेव्हा एक विसरू नका. कंडेन्सर स्प्रिंगवर बसलेला असतो, आणि ते पाणी शेकडो टनांचं. भरण्याआधी खाली टेकू द्यायचेच.

मळाचं निदान तर डोळ्यांनी होतं. तुमच्या कंडेन्सरचे वॉटरबॉक्स दुभागलेले असतील, तेव्हा भार साठ टक्क्यांवर आणून अर्धी बाजू बंद करा, उघडा, एक ट्यूब ओढून काढा, उभी चिरा. आपल्याकडे हल्ली बोटाला लागणारा थर पूर्वीपेक्षा कडक असतो, त्याला कारण आहे. डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने जुन्या केंद्रांना दर मेगावॅट-तासाला ३.५ घनमीटर पाण्याची मर्यादा घातली. त्याच वर्षीच्या दुष्काळात परळीचे संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, तेव्हा पाणी वाचवायला हवं यात दुमत नाही. पण तेच पाणी जास्त वेळा फिरवलं की त्यातले क्षार दाट होतात आणि जिथे पाणी सर्वांत गरम, तिथे, म्हणजे दुसऱ्या पासच्या (पाण्याच्या परतीच्या फेरीच्या) शेवटाला, बसतात. कोराडीसारख्या ठिकाणी नागपूरच्या भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतात. अशा पाण्यात फॉस्फेट आणि अमोनियाही पाहावे लागतात. फॉस्फेटचा थर चुन्यापेक्षा हट्टी, आणि अमोनिया पितळेचा जुना वैरी.

मऊ गाळ नायलॉनच्या बुलेटने निघतो. कडक थराला हायड्रोजेट किंवा इनहिबिटर (धातूला वाचवणारं रसायन) घातलेलं आम्ल. आम्ल लावण्याआधी एडी करंट चाचणी (विजेच्या प्रवाहाने ट्यूबच्या भिंतीची झीज तपासणारी) झालीच पाहिजे. झिजलेल्या पितळेत कधीकधी थरानेच भोक बुजवलेलं असतं, आम्लाने थर जातो आणि मग कंडेन्सर शॉवरसारखा गळतो. स्पंजच्या गोळ्यांची ऑनलाइन यंत्रणा तुमच्याकडे असेल आणि, बहुतेक ठिकाणी असते तशी, गोळ्या पकडणाऱ्या जाळ्या खराब म्हणून बंद पडलेली असेल, तर ती दुरुस्त करा. गोळ्या झिजून ट्यूबच्या आतल्या व्यासापेक्षा लहान झाल्या की नुसत्या प्रवास करतात, घासत नाहीत.

हे सगळं करून टीटीडी पाचपर्यंत आला, तर उरलेल्या एका अंशासाठी, चार मिलिमीटरसाठी, पंधरा हजार ट्यूब बदलायच्या का याचा विचार करा.

मग ट्यूब बदलायच्याच नाहीत का? बदलायच्या, पण कारण वेगळं हवं. स्टेनलेसची उष्णतावाहकता पितळेच्या सातव्या हिश्शाची, १५ विरुद्ध ११०. एक मिलिमीटर पितळेच्या जागी ०.७ मिलिमीटर स्टेनलेस घातलं तरी भिंतीचा अडथळा पाचपट होतो. एकूण उष्णतावहनात भिंतीचा वाटा मुळात लहान, म्हणून प्रत्यक्षात सुमारे दहा टक्के फटका बसतो. दुसऱ्या बाजूला, ०.१ मिलिमीटर क्षाराचा थर त्या अख्ख्या स्टेनलेस भिंतीच्या दुपटीपर्यंत अडथळा करू शकतो. म्हणजे स्वच्छ स्टेनलेस मळक्या पितळेला हरवतं, पण स्वच्छ पितळेच्या थोडं मागेच राहतं. पुरवठादार तुलना दाखवतो ती पहिली. तुम्ही त्याच्याकडे दुसरी मागा. पाण्याचा वेग वाढवून ही तूट भरून काढता येते, स्टेनलेस अडीच-तीन मीटर प्रतिसेकंद सहन करतं, पितळ दोनच्या पुढे तोंडाशी खरवडलं जातं. पण वेग वाढवायला तोच दमलेला पंप लागणार.

खरी कारणं तीन. प्लग केलेल्या ट्यूब दहा टक्क्यांकडे सरकल्या असतील. एडी करंटमध्ये उरलेल्यांची भिंत सर्रास निम्म्यावर आली असेल. किंवा गळती वारंवार होत असेल. गळती सर्वांत महाग. कच्चं पाणी कंडेन्सेटमध्ये, म्हणजे वाफेच्या शुद्ध पाण्यात, मिसळलं आणि संचाला कंडेन्सेट पॉलिशिंग (ते पाणी पुन्हा शुद्ध करणारी यंत्रणा) नसलं की क्लोराइड थेट बॉयलरमध्ये जातं, आणि वर्षभराने वॉटरवॉलच्या (बॉयलरच्या भट्टीच्या भिंतीतल्या) ट्यूब फुटायला लागल्यावर कुणाला कंडेन्सर आठवत नाही. शिवाय तांब्याचा प्रश्न आहेच. हवा काढण्याच्या भागात अमोनिया नि ऑक्सिजन एकवटतात आणि पितळ विरघळतं. ते तांबं बॉयलरमार्गे एचपी (उच्च दाबाच्या) टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन बसतं, आणि तिथे गेलेले मेगावॅट कंडेन्सरच्या खात्यावर कुणी मांडतच नाही. तांबं गेलं की फीडवॉटरचा पीएच ९.२ च्या वर नेता येतो, पाइपांचं गंजणं कमी होतं. मात्र एलपी हीटरमध्ये पितळी ट्यूब राहिल्या असतील तर ही मुभा मिळत नाही. कंडेन्सर बदलला नि हीटर विसरले, असे संच मी पाहिलेत.

समुद्राच्या पाण्यावरच्या केंद्रांचा मामला निराळा. तिथे ३०४ किंवा ३१६ प्रकारचं स्टेनलेस टाकणं म्हणजे खड्ड्यांना आमंत्रण, तिथे टायटॅनियम लागतं. टायटॅनियमची अर्ध्या मिलिमीटरची ट्यूब पितळेच्या निम्मीच ताठ असते, त्यामुळे दोन सपोर्ट प्लेटच्या मधोमध पट्ट्या ठोकून तिची थरथर थांबवावी लागते. तुम्हाला नदीचं पाणी आहे, तुमच्यासाठी हा प्रश्न सौम्य आहे, पण कंपनाची गणितं लेखी मागाच.

आणि स्प्रिंग. कंडेन्सरचा गळा टर्बाइनच्या एलपी केसिंगला (कमी दाबाच्या भागाच्या कवचाला) वेल्ड केलेला आणि बूड स्प्रिंगवर. पातळ स्टेनलेसने ट्यूबचं वजन एक तृतीयांशाने उतरतं, तुमच्या आकाराला ढोबळ हिशेबाने पंचवीस-तीस टन. स्प्रिंग तशाच ठेवल्या तर कंडेन्सर केसिंगला वर ढकलतो आणि टर्बाइनचं अलाइनमेंट का बिघडलं याचा शोध बेअरिंगमध्ये सुरू होतो. निविदेत स्प्रिंगचं पुनर्समायोजन हे वाक्य मला क्वचित दिसलं.

३५ दिवसांचं म्हणाल तर कागदावर बसतं. पंधरा हजार ट्यूब म्हणजे तीस हजार टोकं. बारा दिवस फक्त रोलिंगला (टोकं फुगवून ट्यूबशीटमध्ये घट्ट बसवायला) दिले तरी दिवसाला अडीच हजार. त्याआधी जुन्या ट्यूब कापून ओढणं, ट्यूबशीट नि सपोर्ट प्लेटचं प्रत्येक भोक साफ करणं, कडांची बर (धातूची खरखरीत धार) काढणं. ही बर राहिली की नवी ट्यूब आत जातानाच लांबच लांब ओरखडा घेते. रोलिंग ट्यूबशीटच्या आतल्या कडेच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडे थांबलं पाहिजे, पुढे गेलं की ट्यूब तिथेच फुगते आणि तिथेच फुटते. ट्यूब ओढायला वॉटरबॉक्ससमोर ट्यूबच्या लांबीएवढी मोकळी जागा लागते. तिथे कुणीतरी मधल्या वर्षांत केबल ट्रे नेलेला असतो, तो आत्ताच जाऊन बघा. ट्यूब साइटवर आलेल्या असतील, जुनी ट्यूबशीट वापरण्याजोगी निघाली, दोन्ही पाळ्यांना रोलिंगचे अनुभवी कारागीर मिळाले, तर ३५. मी स्वतः ४५ मागून घेतले असते.

हमीची चाचणी कराराच्या आधी ठरवा: किती भाराला, किती येणाऱ्या पाण्याला, किती प्रवाहाला किती टीटीडी. नुसता व्हॅक्यूम लिहिला तर चाचणी जानेवारीत होईल आणि उत्तीर्ण होईल. जानेवारीच्या थंडीत तसंही एका मर्यादेनंतर शेवटच्या पात्यांतून वाफ कोंडते आणि दाब आणखी उतरवून काही हाती लागत नाही. तेव्हा थंड पाण्याचा दुसरा (सीडब्ल्यू) पंप बंद ठेवलेला बरा.

शेवटची गोष्ट स्टेनलेसची. एका ठिकाणी नव्या ट्यूब बसल्या, गळती तपासायला कच्चं पाणी भरलं, सगळं कोरडं ठाक निघालं, पेढे वाटले. मग जनरेटरचं काम लांबलं आणि ते पाणी दीड महिना ट्यूबमध्ये तसंच उभं राहिलं. साचलेल्या पाण्यात गाळाखाली जिवाणू वाढतात आणि ३०४ ला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतात. संच सुरू होण्याआधीच नव्या ट्यूब प्लग करायची वेळ आली. तेव्हा संच ग्रिडला जोडण्याची, म्हणजे सिंक्रोनाइझची, तारीख पक्की झाल्याशिवाय पाणी घेऊ नका, आणि घेतलंच तर चाचणी संपली की त्याच दिवशी वॉटरबॉक्स रिकामे करून ट्यूबमधून कोरडी हवा मारा.